कुंडलिकमामाचं नको

अवसरी बुद्रुकच्या कुंडलिकला तालुक्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक कांदा आणि दुसरा रुसवा. कांदा तो बरा पिकवतो. रुसवा मात्र त्याच्यासारखा दुसऱ्या कुणी काढून दाखवावा.

पहिला रुसवा त्यानं मामाच्या गावी काढला, दुधाचे दात पडायच्या वयात. धाकट्या बहिणीला आंबा आधी मिळाला म्हणून गोठ्यात जाऊन बसला, तर मामी आंब्याची अख्खी पाटी घेऊन गोठ्यात आली. मनवून घ्यायची चव लागली ती तिथं. पुढं स्वतःच्या लग्नात अक्षता वाटून झाल्या तरी नवरदेव पारावरनं उठेना. शेवटी सासऱ्यानं मनगटातलं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं, तेव्हा गडी घोड्यावर बसला. त्याची बायको इंद्रायणी अजून म्हणते, "माझ्या बापाचं घड्याळ घेतलं, आन् येळ काय कदी पाळली न्हाई."

रुसणं म्हणजे तोंड फुगवून कुठंही जाऊन बसणं नव्हे, ते येड्यागबाळ्याचं काम. जागा हेरावी लागते. मांडवापासून फार लांब गेलं तर कुणी शोधत येत नाही, आणि फार जवळ बसलं तर गडी रुसलाय का उगाच सावलीला टेकलाय हे कळत नाही. चपला पायात ठेवायच्या, म्हणजे आता निघतोच असं वाटतं. टोपी काढून मांडीवर ठेवायची, म्हणजे अजून घटकाभर थांबेल अशी मनवणाऱ्याला आशा राहते. पहिला माणूस आला की त्याच्याकडं बघायचं नाही. दुसऱ्याशी बोलायचं, पण पावसापाण्याचं. तिसरा हाताला धरून ओढायला लागला की अंग जरा सैल सोडायचं.

जेवणातलं 'नको' म्हणजे ह्याच विद्येतला एक धडा. पहिलं नको माणुसकीचं, कारण हपापल्यासारखं ताट पुढं करणं बरं दिसत नाही. दुसरं नको मानाचं. तिसऱ्या नकोला तळहात ताटावर आडवा धरायचा, पण बोटांत अशी फट ठेवायची की वाढणाऱ्याची पळी सुखानं आत शिरावी. साठी उलटून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कुंडलिकनं कधी आपल्या तोंडानं 'वाढ' असं कुणाला म्हटलेलं नव्हतं. तशी पाळीच आली नव्हती.

तिची सुरुवात झाली श्रेयाच्या लग्नात. श्रेया ही त्याची भाची. बहीण उज्ज्वला वारूळवाडीला दिलेली, तिची ही एकुलती एक लेक. लग्न नारायणगावच्या एका कार्यालयात होतं. कुंडलिकनं भाचीला बोहल्यावर आणलं, अंतरपाट धरला तेव्हा मागं उभा राहिला, सगळं रीतीनं झालं. मग जेवणं सुटली, तर पंगत नाही. बुफे. ज्यानं त्यानं ताट उचलायचं आणि रांगेत उभं राहायचं. नवरीच्या मामानं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, तर मग मामा कशाला झाला, असं म्हणून तो रुसला आणि नेहमीच्या हिशोबानं मागच्या दाराशी लिंबाखाली जाऊन बसला. जागा नामी होती. फक्त कार्यालयवाल्यानं जनरेटर नेमका त्याच लिंबाच्या अलीकडं ठेवलेला. त्याच्या धुरात मामा कुणाला दिसला नाही, आणि आवाजात त्याचं खाकरणं कुणाला ऐकू गेलं नाही. वरातीची गाडी गेली, मंडप सुटला, आणि कुंडलिक उपाशीपोटी अवसरीला परत आला. घराच्या ओट्यावर उभा राहून चार लोकांत बोलला, "उज्ज्वलाच्या उंबऱ्याच्या आत आता पाण्याचा थेंब घेणार न्हाई."

बोलला आणि अडकला. कारण उज्ज्वला म्हणजे त्याचीच बहीण. भाऊबीजेला ती अवसरीला येते. भावाला पाटावर बसवून ओवाळते, ताट खाली ठेवते आणि पदर खोचून उभी राहते. "तू माझ्या घरचं खात न्हाईस दादा, मंग मी तुझ्या घरचं कुठल्या तोंडानं खाऊ?" दाराशी गाडी चालूच असते. तीन दिवाळ्या हे असंच चाललंय. पूर्वी आली की दोन-दोन दिवस राहायची, दोघं बहीणभाऊ ओसरीला शेंगा फोडत बसायची आणि मेलेल्या चुलत्याच्या नकला करून हसायची. आता ओवाळून झालं की कुंडलिक पाटावर तसाच बसून गाडीचा आवाज मळ्याच्या वळणापर्यंत ऐकतो. मग उठून गुरांना वैरण टाकायला जातो आणि त्या दिवशी गुरांवर जरा जास्त खेकसतो.

अशात एका शनिवारी श्रेयाचा फोन आला. ती चाकणला एका जपानी कंपनीच्या हापिसात आहे.

"मामा, आईला उद्या साठ पूर्ण होतायत. मामीला घेऊन संध्याकाळी जेवायला या."

"श्रेया, तुला म्हाईत हाय. तुमच्या घरात मी..."

"घरात कुठं म्हणतेय? हॉटेलात. मंचरच्या पुढं हायवेला जपानी हॉटेल निघालंय."

"जपानी? का बरं? मिसळ संपली का तालुक्यातली?"

"मामा, ऐका तर. तिथं तुमचे पावणे नसतात आन् आमचे बी नसतात. कोण आधी बसलं, कुणाला आधी वाढलं, बघायला कुणी नाही. आणि त्याला उंबराच नाही. सरकतं दार आहे, मी मुद्दाम बघून आले."

उंबऱ्याचा मुद्दा कुंडलिकला पटला. तरी एकदम हो म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. "बघतो. लाईट आली तर कांद्याला पाणी द्यायचंय."

"नका बघू," श्रेया म्हणाली. "आईनं सांगितलंय, साठीच्या दिवशी दादा शेजारी बसून जेवला तर ठीक. नाहीतर यंदापासून भाऊबीजेला अवसरीला येणं बंद. ओवाळायला पण येणार नाही."

फोन ठेवून कुंडलिक जरा वेळ अंगणात फिरला. मग इंद्रायणीला म्हणाला, "जाऊ म्हणतो. पोरीचं मन कशाला मोडायचं."

"पोरीचं व्हय," इंद्रायणी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "चला. पर तिथं रुसलात तर मी मधी पडणार न्हाई. आयुष्यभर मनवून मनवून माझा घसा बसलाय."

हॉटेल म्हणजे पूर्वीचा एक बंद पडलेला ढाबा. चाकणला जपानी सायबांना रांधून घालणाऱ्या एका आचाऱ्यानं तो घेतला, बांबू लावले, कागदाचे कंदील टांगले, आणि भीमाशंकरला जाणारी पुण्याची मंडळी तिथं थांबायला लागली. चपला बाहेर काढायच्या, आत चटई, बुटकी टेबलं, बसायला चौकोनी गाद्या. कुंडलिकनं आत पाय टाकायच्या आधी दार नीट तपासलं. खाली एक खाच होती, उंबरा नव्हता. "बराय," तो म्हणाला आणि आत गेला.

उज्ज्वला नव्या जांभळ्या साडीत बसली होती. शेजारी तिचा नवरा गेणभाऊ, वारूळवाडीचा टोमॅटोवाला, बोलायला कंजूष आणि खायला उदार. समोर श्रेया आणि तिचा नवरा मोहित. उज्ज्वलाच्या डाव्या अंगाची गादी मोकळी ठेवलेली.

"या पावणं," गेणभाऊ म्हणाला.

"दाजी, बरं हाय का?"

"हाय."

कुंडलिक मोकळ्या गादीवर बसला. बहिणीनं वाकून पाया पडल्यासारखं केलं, त्यानं डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं. तेवढ्यात वाढायला असलेली बाई आली. प्राची तिचं नाव, घोडेगावच्या वरच्या डोंगरातल्या गावातली, अंगात फुलाफुलांचा जपानी झगा. हातातल्या तबकात पांढऱ्या टॉवेलच्या वाफाळत्या गुंडाळ्या. वयानं मोठा म्हणून तिनं तबक पहिल्यांदा कुंडलिकपुढं धरलं.

कुंडलिकचा चेहरा उजळला. लग्नकार्यात मानकऱ्याला टॉवेल-टोपी देतात ते त्याला ठाऊक होतं, पण जपान्यांतही ही रीत असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं अर्धं उठून, दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, कपाळाला लावला आणि झटकून खांद्यावर टाकला. सदऱ्यातून वाफ निघायला लागली.

"मामा, ते हात पुसायला असतं," मोहित हळूच म्हणाला.

"म्हाईत हाय मला. पुसतो सावकाश."

सगळ्यांनी हात पुसले, गेणभाऊनं मान आणि काखसुद्धा पुसली. मग प्राची टॉवेल परत गोळा करायला आली. कुंडलिकनं खांद्यावरचा टॉवेल दिला, पण बायकोच्या कानाशी लागला, "दिलेला टॉवेल माघारी नेत्यात. कसली माणसं म्हणायची."

आता खरं जेवण सुरू झालं. प्राचीनं काळ्या वाट्यांतून सूप आणलं, फिकट आमटीसारखं, वर कांद्याची पात तरंगणारी.

"काका, सूप देऊ?"

"नको," कुंडलिक म्हणाला.

"बरं," प्राची म्हणाली आणि वाटी उज्ज्वलापुढं ठेवली.

कुंडलिक थांबला. दुसऱ्या खेपेची वाट बघत मिशीवरनं हात फिरवला. प्राची आत निघून गेली होती. सगळे वाट्या तोंडाला लावून फुर्रफुर्र करू लागले. मग उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा आल्या, वर मीठ भुरभुरलेलं.

"काका, शेंगा?"

"नगं नगं."

"बरं."

ह्या वेळी त्यानं तिच्याकडं जरा रोखून बघितलं. पोरगी चेहऱ्यानं चांगल्या घरची वाटत होती, मग असं का करते, त्याला उमगेना. शेंगांची रास शेजारच्या थाळीत पडली आणि उज्ज्वला दातानं एक एक सोलू लागली. त्यानंतर आली तळलेली भजी. वांग्याची, रताळ्याची, भोपळ्याची, वर जाळीदार कुरकुरीत पीठ. वास आला आणि कुंडलिकच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं. दुपारी तो मुद्दामच कमी जेवला होता, कारण आग्रहाला जागा लागते.

"काका, तुम्हाला?"

त्यानं ठेवणीतलं तिसरं नको काढलं. तळहात थाळीवर आडवा धरला, बोटांत फट ठेवली. प्राचीनं हात पाहिला, मान लववली आणि भज्यांची ताटली गेणभाऊपुढं सरकवली. गेणभाऊनं दोन्ही हातांनी सुरुवात केली. मोहित काड्यांनी भजं धरायचा आणि ते दरवेळी वाटीत पडायचं.

"ए बाई," कुंडलिकनं न राहवून विचारलं, "तू कुठली म्हणायची?"

"घोडेगावच्या वरची, काका. डोंगरातली."

"तुमच्यात वाढत्यात कसं?"

प्राची हसली. "आमच्यात पण तीनदा म्हणत्यात. नको म्हटलं तरी ताटात लोटत्यात. पर हितं एकदाच इचारायचं असं शिकवलंय. दुसऱ्यांदा इचारलं की मॅनेजर म्हणतो, गिऱ्हाइकाला त्रास देऊ नका."

एवढं सांगून ती आत गेली. कुंडलिकनं बहिणीकडं नजर टाकली. इथं बाहेरची बाई नियमानं बांधलेली, पण बहिणीला कुणाचा नियम? तिनं एक भजं उचलून त्याच्या थाळीत टाकलं असतं तर झालं होतं.

उज्ज्वलानं शेंगेचं साल बाजूला ठेवलं. "दादा, तुला नको ना?"

आता ह्या माणसाच्या तोंडून हो कसं निघावं? "नको," तो म्हणाला.

"नक्की नको?"

"नकोच."

"बरं," उज्ज्वला म्हणाली आणि भजं स्वतःच्या तोंडात घातलं. चावून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "श्रेयाच्या लग्नात मी आग्रह केला न्हाई म्हणून तीन वर्सं बोल खाल्ला. मला काय म्हाईत तू जनरेटरच्या मागं बसलास ते. आता माझी साठी झाली. मी काय कुणाच्या पोटातलं वळखत न्हाई. ज्याला भूक असंल त्यानं तोंडानं मागावं. न्हाई मागितलं तर तो जेवला न्हाई, आन् मंग भाऊबीजेचं काय ते तुला श्रेयानं सांगितलंय."

श्रेया वाटीत बघू लागली. कुंडलिक उठला. कुणी हात धरेल म्हणून सावकाश उठला, पण कुणी धरला नाही. बाहेर येऊन त्यानं चपला घातल्या आणि जागा बघितली. दारापासून पाच-सात पावलांवर बाकडं होतं, वर कंदील, आतून काचेतून सरळ दिसेल असं. आजूबाजूला जनरेटर वगैरे काही नाही. तो बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हायवेकडं तोंड केलं.

गाड्या जात होत्या. मागं काचेच्या आत काय चाललंय हे न वळता बघायची कला त्याला अवगत होती. भात आला होता, गेणभाऊ खात होता. मोहितनं काड्या ठेवून हातानं खायला घेतलं होतं. उज्ज्वला काही खात नव्हती, पण उठतही नव्हती. तेवढ्यात दार सरकलं आणि इंद्रायणी बाहेर आली. कुंडलिकनं रीतीप्रमाणं तिच्याकडं बघितलं नाही.

"मी मनवायला न्हाई आले," ती म्हणाली. "ओवाळायचं ताट गाडीत राह्यलंय."

ती ताट घेऊन परत आली तेव्हा त्यानंच विचारलं, "आत काय म्हणत्यात?"

"काय म्हणणार? मोहित उठत व्हता, वन्संनी खाली बसवला. म्हणल्या, त्याचा तो यील, न्हाईतर त्याचा तो जाईल."

"आन् तू? तुला काय वाटतं?"

"मला वाटतं भजी गार व्हतील," इंद्रायणी म्हणाली आणि आत गेली.

दार सरकून बंद झालं. कुंडलिकला आयुष्यात पहिल्यांदा बाकड्यावर बसल्या बसल्या खुळ्यासारखं वाटलं. रुसवा म्हणजे दोन माणसांचं काम. एकानं बसायचं, दुसऱ्यानं यायचं. दुसरा आलाच नाही तर पहिला नुसताच रस्त्याकडंला बसलेला म्हातारा. त्याला यंदाची भाऊबीज दिसली. पाट मांडलेला, दाराशी गाडीचा आवाजच नाही, आणि आपण गुरांवर खेकसतोय. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

आत आला. चपला काढल्या, खाच ओलांडली, बहिणीशेजारी जाऊन बसला. प्राची नेमकी रिकाम्या थाळ्या उचलत होती. तिनं त्याच्या कोऱ्या थाळीला हात घातला.

"राहू दे," कुंडलिक म्हणाला आणि थाळीची कड धरून ठेवली.

गेणभाऊ चावायचा थांबला.

"उजे," कुंडलिक म्हणाला.

"काय?"

उन्हाळाभर बंद असलेली मोटार चालू केली की पाइपातून आधी नुसती हवा येते, तसं त्याचं झालं. ओठ हलले, खाकरून झालं, आणि मग शब्द बाहेर पडला. "वाढ."

"काय वाढू?"

"हाय ते."

"भजी का भात?"

"दोनी."

उज्ज्वलानं भज्यांची ताटली ओढली. वांग्याचं वाढलं, रताळ्याचं वाढलं, वर भाताचा ढीग घातला. सवयीनं कुंडलिकचा हात थाळीवर आडवा आला. "बास, बास." उज्ज्वलानं तिथल्या तिथं हात थांबवला. कुंडलिकनं आपल्याच तळहाताकडं बघितलं आणि तो मांडीखाली दाबून टाकला.

"थांबलीस कशाला? वाढ की."

श्रेयानं तोंडावर रुमाल धरला. मोहितला ठसका लागला आणि इंद्रायणीनं त्याच्या पाठीवर गरजेपेक्षा जोरात थापट्या मारल्या. कुंडलिक खाली मान घालून जेवू लागला. भात जरा चिकट होता, भजी गार झाली होती, आणि तो असा जेवला की प्राचीनं विचारायच्या आत म्हणाला, "ते शेवयांसारखं काय हाय, ते बी आण."

इंद्रायणीनं ताटात निरांजन लावलं आणि नणदेला ओवाळलं. त्या ज्योतीच्या धुरानं छतावरची आगीची घंटी वाजेल म्हणून मॅनेजर पळत आला, तर गेणभाऊनं त्याला हातानंच खाली बसायची खूण केली, आणि तो बिचारा खरंच टेकला.

शेवया संपत आल्या तेव्हा उज्ज्वला कुणाकडं न बघता म्हणाली, "भाऊबीजेला सकाळचीच यीन म्हणते. गाडी माघारी लावून देते."

"ये," कुंडलिक म्हणाला. "पर माझ्या घरी मी तीनदा इचारणार. ती आमची रीत हाय, ती मी सोडणार न्हाई."

"इचार. मी पहिल्यालाच हो म्हणणार."

"मंग दुसऱ्यांदा कुणाला इचारू?"

"ह्यांना इचार."

"मी म्हणतो नको," गेणभाऊ म्हणाला. एवढं लांब वाक्य तो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच बोलत होता. "तीनदा म्हणतो. आमाला काय घाई न्हाई."

कुंडलिकनं मेहुण्याकडं आदरानं बघितलं. मग हात लांबवून त्याच्या थाळीतलं उरलेलं शेवटचं भजं, न विचारता, उचलून तोंडात टाकलं.